त्राब्झोन : ३८ वर्षांनी आलेले विजेतेपद

गुरुवार, २८ एप्रिल २०२२

इस्तंबूलहून त्राब्झोनला जाणाऱ्या विमानात एकही आसन रिकामे नव्हते. रमजानचा महिना संपत आला होता, सोमवारी ईद होती आणि सणासाठी गावी परतणाऱ्यांची गर्दी दरवर्षीच असते, असे माझे यजमान म्हणाले. परंतु या वर्षी जवळजवळ प्रत्येकाच्या गळ्यात किंवा हातातल्या पिशवीत गडद लाल आणि निळ्या रंगाचा गळपट्टा होता. शनिवारी रात्री त्राब्झोनस्पोर या तिथल्या फुटबॉल क्लबचा सामना अंताल्यास्पोरशी होता. त्यात एक गुण जरी मिळाला, तरी १९८४ नंतर प्रथमच तुर्कस्तानच्या लीगचे विजेतेपद या शहराकडे येणार होते. यजमान माझे जुने सहकारी. ते मूळचे त्राब्झोनचे, पण नोकरीमुळे गेली अनेक वर्षे इस्तंबूलला राहतात. मला फुटबॉलची आवड आहे हे त्यांना ठाऊक होते, आणि त्यांच्याच आग्रहावरून मी या दिवसांत त्यांच्या घरी यायचे ठरवले होते.

काळ्या समुद्राच्या अगदी काठाला समांतर असलेल्या धावपट्टीवर विमान उतरले. एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला लगेच चढत जाणारे हिरवे डोंगर. या दोहोंमधल्या अरुंद पट्टीत शहर लांबवर पसरलेले आहे. विमानतळापासून घरापर्यंतच्या रस्त्यावर ज्या सज्जाला लाल-निळे निशाण नव्हते, असा सज्जा मला दिसला नाही. इमारतींच्या संपूर्ण दर्शनी बाजू झाकतील एवढी कापडे वरून खाली सोडलेली होती, दुकानांच्या फळ्यांवर ६१ हा आकडा रंगवला होता, आणि डाव्या-उजव्या पदपथांच्या कडांनाही तेच दोन रंग दिले होते. ६१ हा त्राब्झोन प्रांताच्या वाहनांचा नोंदणी क्रमांक आहे. क्लबच्या समर्थकांनी तो आपली ओळख म्हणून स्वीकारला असून, प्रत्येक सामन्याच्या ६१व्या मिनिटाला ते उठून जल्लोष करतात.

शुक्रवार, २९ एप्रिल

सकाळी शहराच्या मध्यभागी असलेल्या चौकात गेलो. या चौकाला सगळे नुसते मेयदान म्हणतात. तिथून उझुन सोकाक नावाचा लांब, अरुंद, बाजाराचा रस्ता निघतो. रमजानमुळे दिवसा चहाची दुकाने थंडावलेली होती, परंतु क्लबच्या वस्तू विकणाऱ्या दुकानांपुढे रांगा होत्या. क्लबचे संग्रहालयही मध्यवस्तीतच आहे आणि त्याला १९७० च्या दशकातील अध्यक्ष शामिल एकिंजी यांचे नाव दिलेले आहे. चषक, जुने सदरे, पिवळी पडलेली वर्तमानपत्रे असा तो संग्रह आहे. मी सर्वांत जास्त वेळ थांबलो तो मात्र क्लबच्या स्थापनेच्या काळातील छायाचित्रांपाशी, कारण या क्लबचा जन्म सहज झालेला नाही.

१९६० च्या दशकात तुर्कस्तानच्या फुटबॉल महासंघाने व्यावसायिक लीगचा विस्तार करताना प्रांतोप्रांतीच्या शहरांकडून एक अपेक्षा ठेवली होती, की गावातल्या हौशी संघांनी एकत्र येऊन शहराचा एक व्यावसायिक क्लब उभा करावा. बुर्सा, एस्कीशेहिर, साम्सुन या शहरांनी ते करून दाखवले. त्राब्झोनमध्ये मात्र इद्मानओजाई आणि इद्मानगुजु या दोन जुन्या संघांचे वैर इतके तीव्र होते की त्यांना एका नावाखाली आणणे जवळजवळ अशक्य वाटत होते. पहिल्याचे रंग पिवळा आणि लाल, दुसऱ्याचे हिरवा आणि पांढरा. घरे, दुकाने, चहाचे अड्डे या दोन संघांनुसार वाटले गेलेले होते. मी कोल्हापूरचा. पाटाकडील तालीम आणि दिलबहार या फुटबॉल संघांच्या सामन्याच्या दिवशी शाहू स्टेडियमभोवतीचे वातावरण ज्याने पाहिले आहे, त्याला हे वैर समजावून सांगावे लागत नाही. या दोन तालमींनी उद्या आपली नावे पुसून एकच संघ काढावा असे कोणी सुचवले, तर काय होईल याची कल्पना आपण करू शकतो.

१९६६ मध्ये झालेला पहिला प्रयत्न इद्मानगुजु बाहेर राहिल्यामुळे वादात सापडला. अखेर २ ऑगस्ट १९६७ रोजी इद्मानओजाई, इद्मानगुजु, काराडेनिझगुजु आणि मार्टीस्पोर हे चार संघ एकत्र आले आणि आजचा त्राब्झोनस्पोर उभा राहिला. दोन्ही मोठ्या प्रतिस्पर्ध्यांपैकी कोणाचेही रंग न घेता गडद लाल आणि निळा हे नवे रंग ठरले. माझ्या मते या क्लबचा इतिहास समजून घेण्याची किल्ली याच तडजोडीत आहे. ज्या गावाला आपसांत भांडण्याची इतकी सवय होती, त्या गावाने ते सगळे बळ एकदम बाहेरच्या दिशेला, म्हणजे इस्तंबूलच्या दिशेला वळवले.

इस्तंबूलच्या दिशेला असे म्हणण्याचे कारण आहे. १९५९ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाल्यापासून १९७५ पर्यंत विजेतेपद फेनरबाह्चे, गालातासराय आणि बेशिक्ताश या तीन इस्तंबूली क्लबांबाहेर एकदाही गेले नव्हते. एस्कीशेहिरस्पोरने तीनदा दुसऱ्या क्रमांकापर्यंत धडक मारली, पण तिथेच त्यांना थांबावे लागले. देशभरातली मुले आपापल्या गावी राहून या तिघांपैकी एकाचे समर्थक होत असत आणि आजही बहुसंख्य होतात. त्राब्झोनस्पोर १९७४ मध्ये पहिल्या श्रेणीत आला आणि दुसऱ्याच हंगामात, १९७५-७६ साली, विजेता झाला. अनातोलियातल्या, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागातल्या, प्रांतीय क्लबने लीग जिंकण्याची ती पहिली वेळ होती. त्यानंतर १९७७, १९७९, १९८०, १९८१ आणि १९८४ असे आणखी पाच हंगाम त्यांनी जिंकले. नऊ हंगामांत सहा विजेतेपदे, आणि तीही प्रामुख्याने काळ्या समुद्राच्या काठी वाढलेल्या खेळाडूंच्या बळावर. प्रशिक्षक अहमत सुआत ओझ्याझजी आणि ओझकान सुमेर हे दोघेही याच गावचे होते. सहापैकी चार विजेतेपदे पहिल्यांच्या, तर दोन दुसऱ्यांच्या कारकिर्दीत आली.

संग्रहालयात ऑक्टोबर १९७६ मधील लिव्हरपूलविरुद्धच्या सामन्यापाशी यजमानांचे वडील थांबले. वय पंचाहत्तरीच्या पुढचे, रोजा असूनही आमच्याबरोबर चालत आलेले. युरोपियन चषकातील त्या सामन्यात त्राब्झोनस्पोरने घरच्या मैदानावर लिव्हरपूलला १-० असे हरवले होते. परतीच्या सामन्यात लिव्हरपूल ३-० ने जिंकले आणि पुढे त्या वर्षीचा चषकही त्यांनीच नेला, हे त्यांनी लगेच स्वतःहून सांगितले. ते त्या दिवशी मैदानात होते. मैदान म्हणजे हुसेयिन अवनी आकेर स्टेडियम, १९५१ पासून शहराच्या मध्यभागी असलेले, चारी बाजूंनी घरांनी वेढलेले. २०१६ च्या अखेरीस नवे स्टेडियम झाल्यावर ते पाडले गेले आणि जागा सार्वजनिक बागेला देण्यात आली. ‘‘आजूबाजूच्या गच्च्यांवर मैदानात होती तितकीच माणसे होती,’’ असे ते म्हणाले.

संध्याकाळी बोझतेपे या टेकडीवर गेलो. खाली दिवे लागत होते, बंदराच्या बाजूने भोंग्यांचा आवाज येत होता. इफ्तारची वेळ झाल्यावर मक्याचे पीठ, लोणी आणि चीज एकत्र शिजवून केलेले कुयमाक आणि आक्चाआबातचे कोफ्ते जेवलो. घरी येताना यजमानांच्या मुलाने १९९६ चा विषय काढला आणि त्याच्या आजोबांनी तो लगेच थांबवला. त्या वर्षी मे महिन्यात, हंगाम संपत आला असताना, फेनरबाह्चेने याच गावात येऊन पिछाडीवरून २-१ असा सामना जिंकला होता आणि विजेतेपद घेऊन गेले होते. तेव्हा त्राब्झोनस्पोरचे प्रशिक्षक शेनोल गुनेश होते, म्हणजे सहाही विजेतेपदांच्या वेळचा गोलरक्षक. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली तुर्कस्तानने २००२ च्या विश्वचषकात तिसरा क्रमांक मिळवला. परंतु ज्या गावाने त्यांच्या हयातीत नव्या स्टेडियमला त्यांचे नाव दिले, त्या गावाला प्रशिक्षक म्हणून लीग जिंकून देणे त्यांना जमले नाही, आणि बेशिक्ताशला मात्र त्यांनी ती २०१६ व २०१७ अशी सलग दोनदा जिंकून दिली. या गोष्टीचे दुःख गावात कोणालाही विचारले तरी ऐकायला मिळते, पण त्यात गुनेश यांच्याविषयी कडवटपणा मला कुठे आढळला नाही.

शनिवार, ३० एप्रिल

स्टेडियमचे तिकीट मिळणे शक्यच नव्हते. यजमानांनी पुष्कळ खटपट केली, मुलासाठी एक जागा मिळाली आणि तो दुपारीच आक्याझीकडे, म्हणजे नव्या स्टेडियमकडे, रवाना झाला. आम्ही मेयदानजवळच्या गल्लीतील एका चहाच्या दुकानात जागा धरली. दुकान लहान, भिंतीवर १९७६ च्या संघाचे छायाचित्र, खाली दूरदर्शन संच. इफ्तार होताच ते इतके भरले की बाहेरच्या लोकांना खिडकीतून पाहावे लागले. बहुतेक माणसे साठीच्या पलीकडची होती. तरुण मंडळी स्टेडियमवर किंवा चौकात होती. इथे ते लोक बसले होते ज्यांना शेवटचे विजेतेपद स्वतःच्या आठवणीतून सांगता येत होते.

या संघाबद्दल त्यांचे मत काय, हे मी विचारले, कारण तो १९७० च्या दशकातल्या संघासारखा मुळीच नव्हता. गोलरक्षक आणि कर्णधार उऊरजान चाकिर क्लबच्याच प्रशिक्षणात घडलेला; परंतु मध्यफळीत स्लोव्हाकियाचा मारेक हामशिक, पुढे डेन्मार्कचा आंद्रेआस कॉर्नेलियस आणि नायजेरियाचा अँथनी न्वाकाएमे, आणि प्रशिक्षक अब्दुल्ला आवजी इस्तंबूलचे. एका गृहस्थांनी उत्तर दिले की जो हा सदरा घालून धावतो, तो त्राब्झोनचा. ‘बिझे हेर येर त्राब्झोन’, आम्हाला सगळीकडे त्राब्झोनच, ही समर्थकांची घोषणा परदेशात आणि इस्तंबूलमध्ये पोटासाठी गेलेल्या काळ्या समुद्राकाठच्या माणसांनी मोठी केली आहे. ती खेळाडूंनाही लागू होते, असे त्यांचे म्हणणे.

यात एक नाव असे होते की त्यावर मी अधिक विचार करत राहिलो. अनास्तासिओस बाकासेतास हा ग्रीसच्या राष्ट्रीय संघाचा कर्णधार या क्लबकडून खेळत होता. १२०४ पासून १४६१ मध्ये सुलतान मेहमेदने जिंकेपर्यंत हे शहर ग्रीकभाषक साम्राज्याची राजधानी होते, आणि १९२३ च्या लोकसंख्येच्या अदलाबदलीपर्यंत इथे ग्रीक ख्रिश्चनांची मोठी वस्ती होती. त्या इतिहासाच्या जखमा दोन्ही बाजूंना आहेत. तरीही त्या रात्री दुकानात बाकासेतासच्या नावाने ज्या प्रेमाने हाका मारल्या जात होत्या, त्या ऐकून मला मनापासून आनंद झाला.

सामना कसा झाला, हे तपशिलाने सांगण्यासारखे माझ्याजवळ थोडे आहे, कारण पडद्याकडे पाहण्यापेक्षा मी लोकांच्या चेहऱ्यांकडे अधिक पाहत होतो. अंताल्यास्पोर सहज हार मानणारा संघ नव्हता. ६१व्या मिनिटाला पडद्यावर संपूर्ण स्टेडियम उभे राहिलेले दिसले, हजारो भ्रमणध्वनींचे दिवे लागले, आणि दुकानातली म्हातारी माणसेही उभी राहिली. अखेरची मिनिटे कोणी बसून पाहिली नाहीत. २-२ अशी बरोबरी झाली, तीन सामने शिल्लक असतानाच विजेतेपद निश्चित झाले, आणि स्टेडियमवर प्रेक्षक कठडे ओलांडून हिरवळीवर उतरले.

दुकानात पहिल्या क्षणी आरडाओरडा झाला नाही. यजमानांच्या वडिलांनी दोन्ही हात तोंडावरून फिरवले, शेजारच्या माणसाला मिठी मारली आणि ते रडू लागले. मग बाहेरून आवाज आला. उझुन सोकाकमधून माणसांचे लोंढे चौकाकडे निघाले, लाल आणि निळ्या धुराने वरचे आकाश झाकून गेले, आणि कुठूनतरी केमेंचेचा, त्या भागातल्या तीन तारांच्या छोट्या गजवाद्याचा, सूर सुरू होताच गोल करून होरोन सुरू झाले. होरोन हे काळ्या समुद्राकाठचे नृत्य. खांद्याला खांदा लावून, हात धरून, पावले अतिशय जलद टाकत आणि अंग थरथरवत ते नाचतात. एका गोलात आजोबा, नातू, डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका, हॉटेलातले वाढपी असे सगळे होते. मलाही हाताला धरून आत घेतले गेले. पहाटेच्या सेहरीची वेळ झाली, तेव्हा अनेक कुटुंबांनी चौकातच पदपथावर बसून पाव आणि चीज खाल्ले, रोजा धरला आणि पुन्हा गाणी सुरू केली.

रविवार, १ मे

ईदच्या आदल्या दिवशी तुर्कस्तानात लोक आपापल्या कुटुंबीयांच्या कबरींना भेट देतात. या वर्षी तो दिवस विजेतेपदाच्या दुसऱ्याच दिवशी आला. यजमानांचे थोरले काका १९८४ नंतर प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला ‘या वर्षी नक्की’ असे म्हणत राहिले आणि २०११ मध्ये वारले. त्यांच्या कबरीला यजमानांच्या वडिलांनी गळपट्टा बांधला. त्या दफनभूमीत असे गळपट्टे आणि लहान निशाणे अनेक कबरींवर होती. माणसे प्रार्थना म्हणत होती, आणि निकालही सांगत होती. एखाद्या क्लबचे विजेतेपद दिवंगतांना कळवण्याची गोष्ट वाटावे, हे मी आजवर कुठेच पाहिले नव्हते.

दुपारी आक्याझीला गेलो. शहराच्या पश्चिमेला समुद्रात भराव घालून तयार केलेल्या जमिनीवर शेनोल गुनेश यांच्या नावाचे हे संकुल आहे. सुमारे ४१ हजार प्रेक्षकांची क्षमता. रस्ते मोठे, वाहनतळ मोठे, समुद्रावरून येणारा वारा सतत. यजमानांचा मुलगा रात्रभर जागा होता, आवाज बसला होता, तरी आमच्याबरोबर आला. जुने अवनी आकेर गावाच्या घरांमध्ये होते आणि हे गावापासून दूर पडले, ही तक्रार मला वडीलधाऱ्यांकडून ऐकायला मिळाली, आणि मला ती पटते. स्टेडियम वस्तीतून उठले की सामन्याचा दिवस गावातून उठतो. मात्र त्या मुलाचे म्हणणे वेगळे होते: त्याच्या पिढीने विजेतेपद पाहिले ते इथे.

सोमवार, २ मे

ईदची न्याहारी. सकाळपासून नातलग येत होते, लहान मुले मोठ्यांचा हात चुंबून कपाळाला लावत होती आणि त्यांना खाऊचे पैसे मिळत होते. सणाच्या शुभेच्छांनंतर दुसरे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी विजेतेपदाचे. याच गर्दीत घरात एक वाद निघाला. मुलगा म्हणाला, हे आठवे विजेतेपद. आजोबा म्हणाले, सातवे.

वादाचे मूळ २०१०-११ च्या हंगामात आहे. त्या वर्षी फेनरबाह्चे आणि त्राब्झोनस्पोर यांचे ८२ असे समान गुण झाले आणि विजेतेपद फेनरबाह्चेला मिळाले. जुलै २०११ मध्ये सामनेनिश्चितीच्या आरोपांवरून पोलीस कारवाई झाली, फेनरबाह्चेचे अध्यक्ष अटकेत गेले आणि त्या क्लबच्या जागी चॅम्पियन्स लीगमध्ये त्राब्झोनस्पोरला प्रवेश मिळाला. तिथे पहिल्याच सामन्यात त्यांनी मिलानमध्ये इंटरला १-० ने हरवले. पुढे फेरसुनावणीत आरोपी निर्दोष सुटले आणि विजेतेपद फेनरबाह्चेकडेच राहिले. त्राब्झोनमध्ये मात्र तो हंगाम आपला असे मानणारे असंख्य आहेत. बाहेरून आलेल्या माणसाने यात निवाडा देऊ नये. परंतु या एका हंगामाने फेनरबाह्चेविषयीच्या रागाला जे रूप दिले, त्याबद्दल बोलणे भाग आहे. एप्रिल २०१५ मध्ये रिझेहून त्राब्झोनच्या विमानतळाकडे येणाऱ्या फेनरबाह्चेच्या बसवर गोळीबार झाला आणि चालक जखमी झाला. मार्च २०२४ मध्ये फेनरबाह्चेने इथे ३-२ असा सामना जिंकल्यावर प्रेक्षक मैदानात घुसले आणि खेळाडूंशी त्यांची मारामारी झाली. त्याची शिक्षा म्हणून क्लबला प्रेक्षकांविना सामने खेळावे लागले. ज्या चौकात मला अनोळखी हातांनी नृत्यात ओढून घेतले, त्याच गावातून हे घडले, हे मला फार लागले. अन्याय झाल्याची भावना कितीही खरी असली, तरी बसमध्ये बसलेल्या चालकावर तिचा हिशेब चुकता होत नाही. २०२४ च्या त्या घटनेनंतर मी यजमानांना दूरध्वनी केला, तेव्हा त्यांच्या वडिलांनीच बोलून दाखवले की आपल्या काळात पाहुण्या संघाला गावाबाहेर पोहोचवायला माणसे जात असत.

आजोबांनी त्या ईदच्या सकाळी आठव्या विजेतेपदाचा वाद मोडला नाही, आपली गणना मात्र बदलली नाही. चहा पुन्हा भरला गेला आणि बोलणे चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीकडे वळले. हामशिक आणखी किती टिकेल, न्वाकाएमेचा करार वाढेल का, प्रवेश मिळाला तर कोणते मोठे संघ आक्याझीला येतील, यावर काका, चुलतभाऊ, शेजारी असे सर्वजण एकाच वेळी बोलत होते. तो प्रवेश मिळाला नाही. ऑगस्टमध्ये कोपनहेगनने आपल्या मैदानावर २-१ असा विजय मिळवला आणि त्राब्झोनमधला परतीचा सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. त्या सामन्याला आजोबा, मुलगा आणि नातू असे तिघेही नव्या स्टेडियममध्ये होते. आजोबा तिथे पहिल्यांदाच गेले होते.